गोम की वाणी?

स्कॉटलंडमधल्या स्टोनहेवनच्या किनाऱ्यावर सापडलेल्या 'न्यूमोडेस्मस' या प्राचीन मिलिपीडवर मुलांसाठी लिहितोय. हवेत श्वास घेणाऱ्या प्राण्यांचा हा फार जुना पुरावा. 'मिलिपीड'ला मी 'गोम' लिहिलं, बायको म्हणते चूक. आणि याला 'जीवाश्म' म्हणू की 'ठसा'?

— वहिनींचं बरोबर आहे. गोम म्हणजे सेंटिपीड: चपटी, चावरी, शरीराच्या पाय असलेल्या प्रत्येक वलयाला पायांची एकच जोडी. मिलिपीडच्या बहुतेक वलयांना दोन-दोन जोड्या. पावसाळ्यात भिंतीवर चढतो, हात लावला की वेटोळं करून पडतो, तो वाणी. त्या वेटोळ्यावरूनच काही ठिकाणी त्याला 'पैसा' म्हणतात.

— नुसतं 'वाणी' लिहिलंत तर शहरातल्या पोरांना किराणा दुकान आठवेल. पहिल्यांदा 'वाणी किडा' लिहा. 'सहस्रपाद' मात्र नको. सापडलेला तुकडा जेमतेम १ सेंटीमीटरचा, त्यात हजार पाय कुठले!

— नावाची फोडही द्या. ग्रीक 'न्यूमा' म्हणजे श्वास. तुकड्यावर श्वासरंध्रं दिसतात, म्हणूनच तो हवेत श्वास घेत होता असं म्हणता येतं. जातीचं नाव 'न्यूमनी', कारण तो शोधला माइक न्यूमन या बसचालकाने. २००४ साली शास्त्रीय वर्णन आलं. वय लिहिताना जपून. आधी ४२ कोटी ८० लाख वर्षं मानलं होतं, पुढे खडकातल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांवरून ४१ कोटी ४० लाखांच्या आसपास निघालं, आणि वाद अजून आहे. 'सर्वांत जुना' हे शब्द मी गाळले असते.

— ठसा हा जीवाश्माचा एक प्रकार झाला, पर्याय नव्हे. स्कॉटलंडमधलंच ऱ्हायनी गाव घ्या. १९१२ मध्ये विल्यम मॅकी यांना तिथला चर्ट खडक सापडला. गरम झऱ्यांच्या पाण्यातल्या सिलिकाने झाडं आणि कोळ्यांचे नातलग जागच्या जागी मुरवून ठेवले होते. दगडाच्या पातळ चकत्या केल्या की कोळ्यांच्या या नातलगांची पुस्तकाच्या पानांसारखी फुप्फुसंसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. याला ठसा कसं म्हणणार? 'जीवाश्म'च लिहा.

— आणि वाणी, गोम, कोळी ज्यात येतात त्या 'आर्थ्रोपॉड' गटाला 'संधिपाद'. पाय सांध्यांचे, म्हणून. ग्रीकमध्येही अगदी तेच.

— शब्द चोख आहे हो, पण मी सातवीच्या वर्गात तो उच्चारला आणि पुढची पाच मिनिटं वर्ग हसत होता. मुलांसाठी 'सांध्यांच्या पायांचे प्राणी' लिहा.