पावसात एडीएसएल सुटतो: मोडेम बदलू की लाईन बघून घेऊ?

वाळपईवाला

घर गोव्यात वाळपईच्या बाजूला. टेलिफोन एक्सचेंजपर्यंत तांब्याची तार, तिच्यावरूनच फोन आणि एडीएसएल२+ मोडेमने इंटरनेट. कोरड्या दिवशी मोडेमच्या पानावर डाउनस्ट्रीम सिंक (एक्सचेंजशी ठरलेला डाउनलोडचा वेग) ७९३६ केबीपीएस, एसएनआर मार्जिन (गोंगाटावर सिग्नलची शिल्लक) ७ डीबी, अ‍ॅटेन्युएशन (वाटेत सिग्नलची घट) ४१ डीबी दिसते. जोराचा पाऊस तासभर लागला की मार्जिन २ वर येते, सीआरसी एरर (दुरुस्त न झालेल्या चुका) हजारांनी वाढतात आणि डीएसएलचा दिवा लुकलुकायला लागतो. परत जोडणी झाली की सिंक ४२०० च्या आसपास. फोनवरही खरखर असते. दुकानदार म्हणतो मोडेम जुना झाला, नवा घ्या.

तीन शंका आहेत. मोडेम बदलून फरक पडेल का? सिंक ७९३६ असताना वायफाय बंद करून, थेट केबलने मोजलं तरी ६.७ एमबीपीएसच का मिळतो? आणि शेजारच्या खांबापर्यंत फायबर आलाय, त्याची पेटी म्हणजेही मोडेमच का?

---

तांब्याची_तार

मोडेमवर आत्ता पैसे घालू नका. आवाजातली खरखर ४ किलोहर्ट्झच्या खालची गोष्ट आहे आणि मोडेमचं काम त्याच्या वर चालतं. दोन्ही एकाच वेळी, तेही पावसातच बिघडतात याचा अर्थ दोघांची सामाईक वस्तू, म्हणजे तार, भिजते आहे.

खात्री अशी करा. मोडेम, स्प्लिटर (फोन आणि इंटरनेटचे सिग्नल वेगळे करणारी डबी), जादा फोन सगळं काढा. भिंतीवरच्या रोझेटला (बाहेरची तार जिथे येते त्या डबीला) एकच साधा फोन थेट लावा, कुठलाही एक आकडा दाबून डायल टोन बंद करा आणि ऐका. खरखर राहिली तर दोष बाहेरच्या तारेत. गेली तर एकेक वस्तू परत जोडत जा. पुष्कळदा स्प्लिटर नसलेला दुसऱ्या खोलीतला समांतर फोन सापडतो.

मग फोनही काढून मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि दोन तारांमध्ये मोजा. ४८ च्या आसपास यायला हवेत. पावसात हा आकडा बराच उतरला तर तारेतून गळती आहे. मोजताना उघड्या तारांना बोट लावू नका. नेमकी तेव्हाच रिंग आली तर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येते आणि चांगला झटका बसतो. वीज कडाडत असेल तर मोजायलाच जाऊ नका.

पाण्याने मार्जिन का पडते? जोडीतल्या दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच बसतो आणि मोडेम फक्त दोघींतला फरक वाचतो, म्हणून तो गोंगाट वजा होतो. एका तारेचा जोड भिजून जमिनीकडे गळायला लागला की हा समतोल मोडतो आणि गोंगाट सरळ आत येतो.

पाणी शिरायच्या जागा ठरलेल्या: खांबावरचा डीपी बॉक्स (जिथून घरोघरी तारा फुटतात), ड्रॉप वायरला (डीपीपासून घरापर्यंतच्या तारेला) मध्येच मारलेला पीळ आणि वर गुंडाळलेली चिकटपट्टी, आणि पागोळीखाली ठोकलेला रोझेट. चिकटपट्टीचा जोड आपल्याकडच्या पावसात टिकत नाही. आत हिरवट गंज धरतो, मग कोरड्यातही त्रास सुरू होतो. लाईनमनला जेली भरलेले कनेक्टर घालायला सांगा. शक्य असेल तर डीपीपासून घरापर्यंत ड्रॉप वायर एकसंध नवी ओढून घ्या. आणि तार भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोका द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल, आत जाणार नाही. अर्ध्या तक्रारी या एका झोक्याने मिटतात.

---

डीएमटी_५१२

वरच्याशी सहमत. ६.७ का, ते मी सांगतो. त्यासाठी पेटीत काय चालतं ते थोडं बघावं लागेल.

एडीएसएल२+ मध्ये २२०८ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झच्या ५१२ टोनांत वाटलेला असतो. खालचे काही आवाजासाठी सोडलेले, त्यांच्या वरचे थोडे अपलोडला, बाकी डाउनलोडला. प्रत्येक टोन सेकंदाला ४००० वेळा बदलतो आणि दर वेळी जास्तीत जास्त १५ बिट नेतो. १० बिट बसले तर त्या एका टोनवर ४० केबीपीएस झाले. दिवा लुकलुकतो तेव्हा मोडेम आणि एक्सचेंजमधला डीस्लॅम (तिथलं समोरचं यंत्र) प्रत्येक टोन तपासून कुठे किती बिट बसतील ते ठरवत असतात. तुमच्या ४१ डीबीवरून तार साधारण तीन किलोमीटर निघते. एवढ्या अंतरावर वरचे टोन रिकामेच जातात. त्या पट्ट्यातला सिग्नल वाटेतच विरतो, महागडा मोडेम आणला तरी.

लाईनकडून आलेला सिग्नल आधी ट्रान्सफॉर्मरमधून जातो. तारेवरची डीसी इथे अडते. पुढे अ‍ॅनालॉग भाग त्याचे आकडे करतो, सिग्नल प्रोसेसर टोन वेगळे करून बिट काढतो, रीड-सॉलोमन नावाच्या कोडने चुका दुरुस्त करतो. दुरुस्त झालेल्या चुका एफईसीत मोजल्या जातात, हाताबाहेर गेलेल्या सीआरसीत. म्हणून नुसता एफईसी वाढला तर घाबरू नका.

आता हिशोब. या बिटांतून एटीएम या पद्धतीचे (बँकेचं नव्हे) ५३ बाइटचे सेल, म्हणजे ठराविक मापाचे डबे, निघतात आणि त्यांत माल ४८ बाइटच. पीपीपीओईवर (नाव-पासवर्डने जोडणी करायच्या पद्धतीत) पॅकेट मोठ्यात मोठं १४९२ बाइटचं. त्याला वेगवेगळ्या थरांची वेष्टनं, म्हणजे पीपीपीचे २, पीपीपीओईचे ६, इथरनेटचे १४, एलएलसीचे १० आणि एएएल५ चे ८ बाइट चिकटले की १५३२ होतात. ते भरायला ३२ सेल लागतात, म्हणजे तारेवर १६९६ बाइट. १४९२ मधले टीसीपी-आयपीचे ४० बाइट वगळले की तुमच्या फाइलचा भाग १४५२. गुणोत्तर ०.८५६, आणि ७९३६ गुणिले तेवढं म्हणजे सुमारे ६.८ एमबीपीएस. तुम्हाला ६.७ मिळतात, तक्रारीला जागा नाही.

---

अडॅप्टर_आधी

मोडेम अगदीच निर्दोष धरू नका. अडॅप्टरमधला कपॅसिटर सुकला की १२ व्होल्टमध्ये लहरी मिसळतात आणि त्या अ‍ॅनालॉग भागात शिरून मार्जिन खातात. मीटरवर रिकाम्या अडॅप्टरचे १२ बरोबर दिसतात, म्हणून मोडेम चालू ठेवून मोजा. त्यापेक्षा सोपं, तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून बघा. पिनेची धन-ऋण बाजू आधी जुळवा. पावसात वीज खालीवर होते तेव्हा मोडेम स्वतःच रीस्टार्ट होत असेल तर त्याचा तारेशी काही संबंध नाही. स्टेटस पानावर अपटाइम शून्यापासून सुरू झाला का बघा, दोन मिनिटांत निवाडा होतो.

तार दुरुस्त होईपर्यंत एक तोडगा: मोडेममध्ये एडीएसएल२+ बंद करून जी.डीएमटी (जुना एडीएसएल) निवडा. ते २५६ टोनच, ११०४ किलोहर्ट्झपर्यंत वापरतं. वेग उतरेल, पण जोडणी सहसा टिकून राहते. नाहीतर एक्सचेंजला सांगून प्रोफाइल (लाईनच्या वेगाची मर्यादा) ४ एमबीपीएसवर आणून घ्या. कमी बिट बसवले की तेवढंच मार्जिन उरतं.

---

वाळपईवाला

मोजलं. सगळं काढून कोरड्यात ४७ व्होल्ट, पाऊस थांबल्या-थांबल्या ३१. खरखर नुसत्या फोनवरही आहे. अपटाइम शून्यावर जात नाही. फायबरचं कोणी सांगेल का?

---

तांब्याची_तार

३१ म्हणजे गळती पक्की. हेच दोन आकडे तक्रारीत लिहा. लाईनमन आला की डीपीवर तुमची ड्रॉप वायर सोडवून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजायला सांगा. डीपीच्या टोकाला ४८ आले तर दोष खांब ते घर एवढ्यातच आहे. मेगर (जास्त व्होल्ट लावून तारेची गळती तपासायचं यंत्र) लावायचा झाला तर मोडेम आधी काढून ठेवा, त्याची व्होल्टता मोडेमला सोसत नाही.

---

हिरवा_कनेक्टर

फायबरच्या पेटीला ओएनटी म्हणतात. लोक मोडेम म्हणतात, म्हणू देत. जीपॉन या फायबरच्या पद्धतीत १४९० नॅनोमीटरवर २.४८८ जीबीपीएस खाली येतात आणि १३१० नॅनोमीटरवर १.२४४ जीबीपीएस उलट एक्सचेंजकडे जातात, तेही एका धाग्यावरून. हा धागा स्प्लिटरमधून (हा प्रकाश वाटणारा, फोनवाला नव्हे) अनेक घरांना वाटलेला असतो. खाली येणारा डेटा सगळ्यांच्या पेटीत पोचतो, पण कूटबद्ध असल्याने प्रत्येक पेटी आपलाच उलगडते. वर जाताना मात्र पाळी लागते. एक्सचेंजमधलं यंत्र प्रत्येक पेटीचं अंतर मोजून कुणी कधी बोलायचं ते ठरवतं आणि तुमचा लेझर तेवढाच वेळ पेटतो.

मार्जिनच्या जागी इथे आरएक्स पॉवर (पेटीत पोचणारा प्रकाश) बघा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम उत्तम. उणे २७ ही साधारण पेटीची शेवटची मर्यादा, त्याखाली लाल एलओएस दिवा (सिग्नल नाही). उलट उणे ८ पेक्षा जास्त प्रकाश आला तरी पेटी आंधळी होते. जोडून देणाऱ्याला हा आकडा पानावर दाखवायला सांगा आणि लिहून ठेवा. पुढे दोन-तीन डीबी उतरला तर कुठेतरी धागा वाकलाय किंवा टोक मळलंय. कनेक्टर हिरव्याला हिरवाच हवा. हिरव्याचं टोक आठ अंश तिरकं असतं, निळ्यात घातलं तर मध्ये फट राहते.

पावसाने प्रकाश गळत नाही. आपल्याकडे फायबरचा शत्रू म्हणजे माडाची चुडत (झावळी): पडली की ड्रॉप केबल ओढली जाते. केबल माडांखालून नेऊ देऊ नका. काच वीज नेत नाही, पण केबलमधली पोलादी तार नेते, म्हणून ती घराबाहेरच कापून ठेवायला लावा. आणि ढग गडगडायला लागले की पेटीचा अडॅप्टर आणि लॅनची केबल, दोन्ही काढा.