महिना हजार रुपयांत काय येतं म्हणे! (बाणेरकरांच्या 'शिष्यवृत्तीचे घाणे'ला उत्तर)

खडूफळा

काल बाणेरकरांनी लेख टाकला, 'शिष्यवृत्तीचे घाणे'. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी त्याचं सार: महिन्याला हजार रुपयांसाठी आठवीच्या पोरांना वर्षभर घाण्याला जुंपतात, एका रविवारच्या तीन तासांवर हुशारी ठरवतात, म्हणून एनएमएमएस (गरीब घरच्या हुशार मुलांसाठी आठवीत होणारी केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा) बंद करा आणि पैसे सगळ्या गरीब मुलांत सारखे वाटा. खाली नुसती वाहवा. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की साहेब, आठवीचा जिल्हा परिषदेचा वर्ग शेवटचा कधी पाहिलात?

मी बीड जिल्ह्यात आहे. दिवाळी उरकली की निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो. परीक्षा डिसेंबरात. म्हणजे फॉर्म भरताना बाकावर असलेलं पोर पेपरच्या दिवशी कोल्हापूरकडच्या कुठल्यातरी फडात असू शकतं. गेल्या खेपेला एक मुलगी 'मला परीक्षा द्यायचीय' म्हणून आजीपाशी मागे राहिली. टोळीत एक हात कमी झाला, म्हणून बाप मुकादमाचं बोलणं खाऊन गेला. तुमच्या भाषेत हे बालपणाचं मातेरं. आमच्याकडे ती मुलगी त्या हिवाळ्यात कोयत्याऐवजी पेन धरून बसली.

घरात भिंतीवरचं घड्याळ नाही, आणि बौद्धिक क्षमता चाचणीत आरशातल्या घड्याळाचे प्रश्न. कागदावर घड्याळ काढलं, कागद उलटा करून खिडकीच्या उजेडाला धरला आणि म्हटलं, 'आता वाच.' ती हसायलाच लागली. मग सगळा वर्ग वहीची पानं फाडून उजेडाला धरत बसला. घाणा म्हणतात तो हा.

सारखे वाटायचं म्हणाल तर वाटून बघा. देशात वर्षाला एक लाख नवी मुलं निवडतात, महाराष्ट्राचा कोटा ११,६८२. सगळ्यांत वाटलंत तर एकेकाच्या वाट्याला वहीचं कव्हर येईल. आत्ता निवडलेल्या पोराला नववी ते बारावी ४८,००० मिळतात. दहावीनंतर लग्न की अकरावी, हे काही घरांत याच आकड्यावर ठरतं.

बाणेरकर

सर, चिडलात, चालेल. पण माझाच मुद्दा तुम्ही किती सुंदर सिद्ध केलात! त्या मुलीला कागद उजेडाला धरून दाखवणारे सर भेटले. शेजारच्या गावात असे सर नाहीत. तिथली तेवढीच हुशार मुलगी आत्ता फडात मोळ्या बांधतेय. मग परीक्षा पास कोण झालं, मुलगी की सर? तुम्ही ज्याला गुणवत्ता म्हणता तो शिक्षकाचा हजेरीपट आहे.

आणि ९० प्रश्न ९० मिनिटांत, दोनदा. मालिका, सांकेतिक भाषा, वेन आकृत्या. हे सरावानं येतं, म्हणून तर तालुक्याच्या गावी याचे क्लास निघालेत. गाईड, सराव संच, ओएमआर शीट विकत. गरिबांची योजना, आणि तिच्या भोवती बाजार.

मी स्वतः १९८६ साली चौथीच्या स्कॉलरशिपला बसलो होतो. नाही मिळाली. वडील तीन दिवस बोलले नाहीत. म्हणून बोलतोय. आणि आज माझ्या मुलाला एनएमएमएसला बसायचं म्हटलं तरी बसता येत नाही, कारण शाळा विनाअनुदानित.

तिरपागडा

अच्छा, म्हणजे दुखणं हे आहे होय! द्राक्षं आंबट.

बाणेरकर

मी उत्पन्नाच्या अटीतही बसत नाही हो, पैसे नकोतच. फक्त परीक्षा द्यायला काय हरकत आहे? एनटीएस, म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, होती तोवर त्यात उत्पन्नाची अटच नव्हती, फक्त गुण. तीही २०२१ नंतर गुंडाळून ठेवली. शहरातल्या हुशार मुलानं कुठं जायचं?

पाचशेवाली

बाणेरकर, 'महिना हजार' म्हणताना तुमच्या ओठांवर जे हसू आलं असेल ना, ते मला ओळखता येतं. माझ्या वेळी पाचशे होते. योजना सुरू झाली २००८ साली, मी सुरुवातीच्या बॅचमधली. हजार झाले २०१७ पासून.

पैसे वेळेवर आले असं मी म्हणणार नाही. नववीत एक रुपया दिसला नाही. अकरावीत असताना एकदम पासबुकात छापून आले. माझ्या नावाचं पासबुक घरातलं पहिलं. आई बिड्या वळायची. त्या संध्याकाळी तिनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, 'दोन हजार देशील का, पत्रे गळतायत.' देशील का, म्हणाली! तोवर घरात मला कुणी काही मागितलंच नव्हतं, नुसतं सांगायचे. पत्रे आले. उरलेल्यात जुनी सायकल घेतली, तिच्यावर कॉलेज केलं.

हे पैसे 'सारखे वाटून' आले असते तर रेशनसारखे आले असते. घरात ते कुणाचे, हा प्रश्नच उठला नसता. मी परीक्षा दिली म्हणून ते माझे होते.

कारकून

ताई, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण मूळ लबाडी परीक्षेत नाही, उत्पन्नाच्या दाखल्यात आहे, आणि त्यावर कुणी बोलत नाही. मर्यादा साडेतीन लाख. मी अनुदानित संस्थेत कारकून. माझा पगार या आकड्याच्या किरकोळ वर जातो. कागदावर दिसतो ना, लपवणार कुठे! मुलगी वर्गात पहिली, फॉर्म भरता येत नाही. बांधाला बांध लागून नऊ एकर डाळिंब, ठिबक, दारात चारचाकी. त्यांचा दाखला साठ हजारांचा. त्यांचं पोर बसलं, निवडलंही गेलं.

बागायतदार

आला का शेतकऱ्यावर! नऊ एकर दिसलं, डाळिंबावरचा तेल्या रोग दिसला नाही. मर रोग दिसला नाही. सोसायटीचं कर्ज दिसलं नाही. ज्या वर्षी बाग काढून टाकली त्या वर्षी साठ हजारही हातात नव्हते. तुम्हाला महिन्याच्या एक तारखेला मेसेज येतो, आम्हाला व्यापाऱ्याचा फोन येतो, तोही भाव पाडायला.

कारकून

ज्या वर्षी बाग काढली त्या वर्षाचं समजू शकतो. पण ज्या वर्षी चारचाकी घेतली त्या वर्षीचा दाखलाही साठचाच होता. आकडा तसूभर हलत नाही, तेल्या येवो नाहीतर दिवाळी.

बागायतदार

चारचाकी कर्जावर आहे. आणि माझ्या गाडीचा हिशेब मागायला तुम्ही तहसीलदार आहात का? तुमच्या ऑफिसात दाखला मागायला येणाऱ्याकडून काय काय मागतात ते इथं लिहू का?

कारकून

मी शाळेत आहे, तहसीलला नाही. वाचत जा.

जुनाजाणता

तुम्ही दोघं बांधावर भांडत बसा. मी छत्तीस वर्षं प्राथमिकला काढली, मूळ घोळ सांगतो. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासूनची, चौथी आणि सातवीची. गावची शाळा चौथीपर्यंत, नाहीतर सातवीपर्यंत. म्हणजे पोर आमचं, परीक्षा आमची, यशही आमचं. २०१६-१७ ला ती नेली पाचवी-आठवीवर. पोर चौथीनंतर हायस्कूलला गेलं की गुरुजींचा संबंध तुटला. हायस्कूलवाल्यांना पाचवी म्हणजे नको असलेलं पाहुणं. शिकवणार कोण? बसणारी पोरं कमी होत गेली. आता पुन्हा चौथी-सातवीकडे आणलीय. एवढी वर्षं जी पोरं मधल्या मधे गळाली त्यांना कोण विचारतो! एनएमएमएसला आठवीत बसायचं तर पाया तिथं असतो, महाराज.

तिरपागडा

आणि निवड झाली की फ्लेक्स. पोराचा फोटो टपाल तिकिटाएवढा, संस्थापकांचा अंगणवाडीच्या दाराएवढा.

बाणेरकर

पाचशेवाली ताई, तुमचा अनुभव वाचला. 'रेशनसारखे आले असते' याला माझ्याकडे उत्तर नाही. पण एक अनुभव म्हणजे धोरण नव्हे. तुमच्या वर्गात आणखी किती जण बसले होते? ते आत्ता कुठे आहेत?

पाचशेवाली

अकरा बसलो होतो, दोघी लागलो. नऊ जणांतली एक माझी सख्खी मैत्रीण होती. माझ्यापेक्षा हुशार, विशेषतः गणितात. पेपरच्या दिवशी ताप होता तिला. दहावीनंतर तिचं लग्न झालं. घ्या, दिलं तुम्हाला. आनंद झाला?

बाणेरकर

नाही झाला. तसं म्हणायचं नव्हतं.

खडूफळा

बाणेरकर, एका रविवारवर सगळं बेतलेलं आहे, हे मान्य. नाइलाजानं. शेजारच्या गावात सर नाहीत हेही खरं, पण त्यावर उपाय परीक्षा बंद करणं नाही, सर पाठवणं आहे. जिल्हानिहाय कोटा आहे म्हणून माझ्या पोरांची स्पर्धा निदान पुण्याच्या पोरांशी नसते. आणि दोन्ही पेपर मिळून ४० टक्के पडले, अनुसूचित जाती-जमातीला ३२, तर पोर पात्र तरी ठरतं. पात्र होऊन यादीबाहेर राहिलेल्या मराठा-कुणबी मुलांना राज्य सरकारच्या 'सारथी' संस्थेकडून वर्षाला ९,६०० मिळतात.

कारकून

आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या?

खडूफळा

तो वाद इथं नको, पाया पडतो. मला खरं जे खुपतं ते लिहितो. परीक्षेत पास होऊनही पोरं गळतात ती पोर्टलवर. दरवर्षी नूतनीकरण. ओटीपी बापाच्या नंबरवर. बापानं रिचार्ज केला नाही, नंबर बंद, कंपनीनं तो दुसऱ्याला दिला. एका पोराचा ओटीपी कुणा अनोळखी माणसाकडे जायला लागला. मी त्याला फोन केला, 'भाऊ, तुमच्या मोबाईलवर आत्ता एक आकडा येईल तेवढा सांगा.' त्यानं मला जी शिवी घातली ती अगदी योग्य होती! मीही घातली असती. पण त्या वर्षीचे १२,००० गेले. दहावीला ६० टक्क्यांची अट त्या पोरानं पाळली होती, सरावही केला होता. त्यानं अजून काय करायचं होतं?

बाणेरकर

हे मात्र भयंकर आहे. यावर लिहा, मी पुढे पाठवतो. तरीही आरशातल्या घड्याळावरून नववीचा खर्च ठरवणं मला पटत नाही. मी इंजिनिअर आहे, आयुष्यात एकदाही आरशात वेळ पाहायची गरज पडली नाही.

खडूफळा

मग आज पाहा. कागद-पेन न घेता. आरशात ४:२० दिसतायत. खरी वेळ?

बाणेरकर

८:४०. सोपं आहे.

खडूफळा

७:४०. ११:६० मधून वजा करायचं असतं. आजीकडे राहिलेल्या पोरीला एवढाही वेळ लागला नसता.

बाणेरकर

घाईत टाइप केलं.

बागायतदार

ते असू द्या. कारकून, पळालात काय? चारचाकीचे हप्ते अजून चालू आहेत, पावती टाकू का?