मदत हवी आहे: औसांगाते परिक्रमा (पेरू), वेळापत्रक आणि ताईची तब्येत

नमस्कार मंडळी,

येत्या जूनच्या शेवटी मी आणि माझी मोठी बहीण पेरूतल्या औसांगाते डोंगराभोवतीचा ट्रेक करायचं ठरवतोय. माचू पिचूबद्दल मराठीत भरपूर वाचायला मिळतं, या डोंगराबद्दल जवळजवळ काहीच नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कुस्को शहराच्या आग्नेयेला साधारण शंभर किलोमीटरवर, विल्कानोता रांगेत हा सुमारे ६,३८० मीटर उंचीचा बर्फाचा डोंगर आहे. तिथले केचुआ लोक त्याला 'आपू' मानतात. आपू म्हणजे डोंगराच्या रूपातला त्या मुलखाचा राखणदार. पाऊसपाणी, अल्पाका आणि लामांचे कळप, सगळ्यावर त्याची नजर असते अशी त्यांची श्रद्धा. ट्रेकमध्ये शिखरावर जायचं नसतं. तिंकी गावातून निघून डोंगराला पूर्ण फेरी घालून परत तिंकीला यायचं. अंतर साधारण ७० किलोमीटर, दिवस पाच ते सहा. ताईने पूर्वी कैलासची परिक्रमा केली आहे, त्यामुळे पलीकडच्या खंडातही लोक डोंगराला असंच मानतात हे कळल्यापासून तिने हा विषय सोडलेला नाही. मलाही मनापासून जायचंय.

अडचण वेळापत्रकाची आहे. ज्या कंपनीशी बोलणं चाललंय त्यांनी हे पाठवलंय:

पहिला दिवस: लिमाहून विमानाने कुस्को (३,४०० मीटर).
दुसरा दिवस: कुस्कोत फिरणं, मुक्काम तिथेच.
तिसरा दिवस: पहाटे गाडीने तिंकी (३,८०० मीटर), तिथून चालत उपिस. मुक्काम ४,४०० मीटरवर.
चौथा दिवस: आरापा खिंड ओलांडून औसांगातेकोचा तळं, मुक्काम ४,६०० च्या आसपास.
पाचवा दिवस: पालोमानी खिंड, ५,१०० च्याही वर.
पुढे काम्पा खिंड, तीही पाच हजारांच्या वर, मग पाचांता गाव आणि परत तिंकी.

आमचा सगळा सराव सह्याद्रीतला. कळसूबाई म्हणजे १,६४६ मीटर. तिथे पाय आणि दम तयार होतात, पण विरळ हवेची सवय तिथे कशी होणार? कंपनीला विचारलं तर उत्तर आलं की बहुतेक लोक असेच जातात, कोकाच्या पानांचा चहा प्यायला की त्रास होत नाही. मला हे पटलेलं नाही.

ताई ५४ वर्षांची आहे. रोज चालते, तब्येत ठणठणीत आहे, पण रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि तिला सल्फाची ॲलर्जी आहे. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ते डायमॉक्स सल्फाच्या जातीचं औषध आहे असं वाचलं. मग तिने काय करायचं?

आणखी एक. त्यांच्या पत्रकात 'देस्पाचो' नावाचा, डोंगराला नैवेद्य वाहण्याचा विधी वेगळे पैसे भरून मिळेल असं लिहिलंय. ताईला त्या डोंगरापुढे खरंच हात जोडायचे आहेत. पण प्रवाशांसाठी मांडलेल्या विधीत बसावं की नको, याचा आम्हा दोघींना निर्णय होत नाहीये. कुणी जाऊन आलं असेल तर जरूर लिहा.

प्रतिसाद: रानवाट

हे वेळापत्रक घेऊ नका. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, हा सर्वमान्य नियम आहे. यांनी तुम्हाला समुद्रसपाटीवरून थेट ३,४०० ला उतरवलंय आणि तिसऱ्या रात्री एकदम हजार मीटर वर नेलंय.

आम्ही कुस्कोच्या विमानतळावरून गाडी करून तडक खाली ओयांतायताम्बोला गेलो. ते २,८०० मीटरवर आहे. माचू पिचू तर त्याहून खाली. त्या बाजूचं सगळं आधी उरकलं, मग कुस्कोत राहिलो, मग एक रात्र तिंकीत, आणि नंतर उपिस. सुट्टी कमी असेल तर बाकी काहीही गाळा, हे दिवस गाळू नका.

या वाटेची गोम वेगळीच आहे. एकदा उपिस सोडलं की पाचांतापर्यंत तुम्ही साधारण ४,३०० च्या खाली येतच नाही. मधे कुणाला त्रास झाला तर परतीच्या वाटेवरही खिंड आडवी येते. दक्षिणेला चिल्काच्या खोऱ्यातून पितुमार्काकडे उतरता येतं, पण ती वाट लांबची. म्हणून सामानाच्या घोड्यांखेरीज एक रिकामा घोडा सोबत हवाच. तो आहे असं कंपनीकडून लेखी घ्या, आणि ऑक्सिजनचा सिलिंडर कोण वाहणार तेही विचारा.

विधीबद्दल. देस्पाचो मांडणारा जाणकार असतो, त्याला 'पाको' म्हणतात. त्याला दक्षिणा देण्यात वावगं काही नाही, गावातले लोकही देतात. माणूस त्याच मुलखातला आहे का एवढं बघा. पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. पालोमानीच्या माथ्यावर आमच्या घोडेवाल्या काकांनी कमरेची पिशवी सोडली, कोकाची पानं चाळून न फाटलेली तीन निवडली, पंख्यासारखी बोटांत धरली, डोंगराकडे तोंड करून हलकेच फुंकर घातली आणि खिंडीतल्या दगडांच्या राशीत एका दगडाखाली सरकवली. मग आम्हालाही प्रत्येकी तीन पानं काढून दिली. याला 'किंतू' म्हणतात. ताईंना हात जोडायचे असतील तर ती जागा आणि तो माणूस दोन्ही तिथे असतील. आधी विचारा, फोटो नंतर.

प्रतिसाद: निशिगंध (डॉक्टर आहे, पण ताईंना तपासलेलं नाही हे लक्षात घ्या)

डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड. सल्फाच्या प्रतिजैविकांची ॲलर्जी असलेल्या प्रत्येकाला हे औषध बाधतंच असं नाही, पण ॲलर्जी कशी झाली होती यावर सगळं अवलंबून आहे. नुसतं पुरळ आलं होतं की अंगावर फोड, सूज, श्वासाचा त्रास झाला होता? दुसऱ्या प्रकारात ते टाळायचं. पहिल्या प्रकारातही डॉक्टरांच्या देखरेखीखाली इथेच घेऊन बघायचं, डोंगरावर पहिल्यांदा नाही. प्रतिबंधासाठी मोठ्यांना साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. लघवीला जास्त होते, बोटांना मुंग्या येतात. रक्तदाबाच्या गोळीत लघवीचं औषध मिसळलेलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कोकाच्या चहाने बरं वाटतं, पण त्याने उंचीचा आजार टळतो असं सिद्ध झालेलं नाही. हळू चढणं हाच खरा उपाय. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा गळून गेल्यासारखं वाटलं तर त्या रात्री वर जायचं नाही. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं टेकवत सरळ रेषेत चालताना तोल गेला, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला सुरू झाला, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. आणि ताईंना आत्ताच सांगून ठेवा की त्रास लपवायचा नाही. आपल्याकडच्या बायका 'माझ्यामुळे सगळ्यांचं नको' म्हणून गप्प राहतात, ते तिथे जिवावर बेतू शकतं.

प्रतिसाद: पाटावरवंटा

खाण्याचं बघून ठेवा. शाकाहारी म्हटलं तरी सूप कोंबडीच्या पाण्यात केलेलं असू शकतं, त्यामुळे मांस नको, कोंबडी नको, रस्साही नको, असं स्पॅनिशमध्ये लिहून स्वयंपाक्याला द्या. किनुआ आणि बटाटे मुबलक मिळतात. साडेचार हजारांवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून कुकरशिवाय डाळ शिजत नाही. जून-जुलै कोरडा मोसम, आकाश स्वच्छ, पण रात्री तापमान उणे दहाच्याही खाली जातं. उन्हाने चेहरा सोलवटतो. वाटेत ठिकठिकाणी गावकरी प्रवेशाचे थोडे पैसे घेतात, त्यासाठी सुट्टे सोल (पेरूचं चलन) कुस्कोतूनच घ्या.

दोन गोष्टी विसरू नका. पेरूहून परतताना भारतात पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घेतलेली हवी आणि ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. दुसरं, कोकाची पानं पेरूत चालतात, भारतात अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. आठवण म्हणूनसुद्धा एक पान बॅगेत राहू देऊ नका, चहाच्या पुड्याही नकोत.

जमलं तर तारखा मागेपुढे करून बघा. कॉर्पस क्रिस्ती या ख्रिस्ती सणाच्या आधी जवळच्याच सिनाकारा खोऱ्यात कोइयुर रितीची मोठी जत्रा भरते. २०११ साली युनेस्कोच्या वारसा यादीत आली. अस्वलाच्या वेषातले 'उकुकू' पूर्वी हिमनदीतला बर्फ तोडून खाली आणत, तो तीर्थासारखा वाटला जाई. बर्फ मागे हटू लागल्यावर त्यांनी आपणहून ते थांबवलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईने तिन्ही प्रतिसाद वाचले. सल्फाने तिला अंगभर पुरळ आलं होतं, ओठही सुजले होते, म्हणजे डायमॉक्स बहुतेक नाहीच. पुढच्या आठवड्यात फिजिशियनची वेळ घेतली आहे.

कंपनीला कळवलंय की आधी ओयांतायताम्बो, मग कुस्को, मग तिंकीत एक रात्र, आणि रिकामा घोडा लेखी हवा. त्यांना जमत नसेल तर दुसरीकडे विचारू. विधी आधीपासून ठरवणार नाही, घोडेवाल्यांनाच विचारू.

रानवाट, एक विचारायचं राहिलं. तिंकीत मुक्काम कुठे केला होता? आणि तिथून थेट घोडेवाले ठरवता येतात का, म्हणजे पैसे त्यांच्याच हातात जातील?

प्रतिसाद: रानवाट

साधी लॉज आहेत, गरम पाण्याची खात्री नाही. घोडेवाले तिंकीतच भेटतात, दिवसाच्या हिशोबाने माणसाचे आणि घोड्याचे वेगळे पैसे ठरतात. त्यांचं जेवण आणि झोपायचा तंबू तुमच्याकडून असतो, ते आधीच बोलून घ्या. स्वयंपाकी कुस्कोतून न्यावा लागेल. स्पॅनिश येणारं कुणी सोबत असेल तरच हे करा, कारण ताईंच्या औषधाचं आणि घोड्याचं बोलणं खाणाखुणांनी होणार नाही.