पाच घोड्यांच्या फार्मला केवढा ट्रॅक्टर पुरतो?

माळरान
पाच घोडे, आठ एकर कुरण, वाळूचं एक रिंगण आणि रोजची लीद. एवढ्या पसाऱ्याला ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की जो तो आधी "किती एचपी?" विचारतो. माझ्या मते हा प्रश्नच नंतरचा आहे. घोड्यांच्या फार्मवर नांगरट नसते. रिंगणावर हॅरो (वाळू सारखी करणारं दातेरी अवजार) फिरवायला ताकद फार लागत नाही, कुरण कापायला बेताची लागते. ट्रॅक्टर अडतो तो उचलण्यात. म्हणून तुमच्याकडे येणारी सगळ्यात जड वस्तू कोणती ते आधी ठरवा आणि तिचं वजन काढा. मग लोडर, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढचे उचलणारे हात, बघा, आणि तो लोडर ज्याच्यावर शोभेल तो ट्रॅक्टर.

सव्वा मीटर रुंद आणि दीड मीटर व्यासाचा गवताचा गोल गठ्ठा वाळलेला असला तरी साडेतीनशे ते साडेचारशे किलो भरतो. अगदी छोट्या वर्गातल्या, म्हणजे पंचवीस एचपीच्या आतल्या ट्रॅक्टरचा लोडर पिनेपाशी (जिथे बादली हातांना जोडलेली असते तिथे) ३०० ते ३५० किलो उचलतो. माहितीपत्रकात छापतात तो हाच आकडा. गठ्ठा मात्र पिनेवर बसत नाही, तो पुढे असतो. पिनेपासून अर्धा मीटर पुढचा आकडा बघा, सव्वादोनशेच्या आसपास येतो. हिशोब तिथेच संपला. माझं मत: ३५ ते ४० एचपी, चारही चाकांना ओढ, हायड्रोस्टॅटिक (गिअरऐवजी तेलाच्या दाबावर, पेडलने चालणारा).

पेंढीवाला
साफ असहमत. गोल गठ्ठे घ्यायची सक्ती कुणी केली? पाच घोड्यांना २०-२५ किलोचे चौकोनी गठ्ठे सहज पुरतात. हाताने उचलता येतात, मोजून टाकता येतात, आणि उघड्यावर अर्धा खाऊन अर्धा तुडवलेला गोल गठ्ठा बुरसतो ती भानगडही नाही. तुम्ही आधी जड वस्तू निवडली आणि मग तिच्यासाठी जड ट्रॅक्टर मागताय.

आणि या वजनाचं जमिनीवर काय होतं ते कुणी बोलतच नाही. छोटा ट्रॅक्टर नुसता साडेसहाशे-सातशे किलोचा असतो. तुमचा ४० एचपीवाला लोडरसकट दोन टनांकडे जातो. ओल्या कुरणात फाटकाजवळची जमीन टापांनी आधीच घट्ट झालेली असते. तिथून हा रोज गेला की पाणी मुरायचं थांबतं, गवत जातं आणि चिखल उरतो. त्यात उंच दात असलेले शेतीचे टायर असतील तर वळताना हिरवळ सोलूनच निघते. रुंद टर्फ टायर (हिरवळीसाठीचे, उथळ नक्षीचे) लावलेला छोटा ट्रॅक्टर त्याच जागेवरून गेला तर खूणही राहत नाही.

तबेल्याचं दारही मोजा. मधल्या वाटेत ट्रॅक्टर शिरला तरी मागचा रोलबार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी उभी कमान) चौकटीला अडतो, हे घेऊन आल्यावर कळतं.

पागेतली
लीद एकाने एका शब्दात उडवली, दुसऱ्याने नावही काढलं नाही, म्हणून लिहिते. साडेचारशे किलोचा घोडा लीद आणि मूत्र मिळून दिवसाला २०-२३ किलो टाकतो. भिजलेला भुसा धरला तर पाच घोड्यांचे रोज दीडशे किलोच्या आसपास. वर्षाला पन्नास टन! ट्रॅक्टर घ्यायचा तो मुळात यासाठी. गवत काय, कधीतरी येतं.

ताजी लीद चरायच्या कुरणात पसरू नका, जंतांच्या अळ्या तिथेच पसरतात. ढीग लावून कुजवायची. आतलं तापमान ५५ अंशांच्या वर काही दिवस टिकलं आणि ढीग उलटत राहिलो, की जंतांची अंडी आणि तणाचं बी दोन्ही मरतं. हे उलटणं फावड्याने करून बघा एकदा. छोट्या लोडरची बादली एका खेपेला सव्वाशे-दीडशे किलो घेते, म्हणजे छोटा ट्रॅक्टर हे काम करतो, फक्त खेपा जास्त. मी पेंढीवाल्यांच्या बाजूची, पण हायड्रोस्टॅटिकच्या मुद्द्यावर माळरान यांच्याशी शंभर टक्के सहमत. ढिगापाशी सतत पुढे-मागे करायचं असतं. पायाने पेडल दाबलं की पुढे, सोडलं की थांबला. क्लच दाबून दाबून गुडघा कामातून जातो.

जुना गिअर
हायड्रोस्टॅटिकची आरती पुरे करा. ताकद खातो तो. २४ एचपीच्या इंजिनातून पीटीओवर (अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर) १८-१९ मिळाले तर नशीब. गवत कापायच्या रोटरी कटरला फुटाला पाच पीटीओ एचपी असा ढोबळ हिशोब धरतात. म्हणजे चार फुटी कटर जेमतेम, पाच फुटीचं नावच काढायचं नाही. आठ एकर चार फुटांनी कापत बसा मग.

त्यापेक्षा जुना, दणकट, गिअरचा ४५ एचपी घ्या. वजन आहे, ओढ आहे, दुरुस्ती कुठलाही मिस्त्री करतो. आणि नव्या डिझेल इंजिनांचं एक सांगतो: अमेरिका-युरोपच्या उत्सर्जन नियमांत १९ किलोवॉटच्या, म्हणजे साधारण २५ एचपीच्या वर काजळीची मर्यादा कडक आहे. त्यामुळे बऱ्याच इंजिनांना धुराड्यात काजळीची गाळणी असते. ती स्वतःला जाळून साफ करते तेव्हा आत ६०० अंशांपर्यंत तापते. असं यंत्र गवताच्या शेडमध्ये उभं करणार?

माळरान
गाळणीचा मुद्दा मान्य, पण गवताच्या शेडमध्ये कुठलाच तापलेला ट्रॅक्टर उभा करू नये, जुनाही नाही.

जुन्या ट्रॅक्टरचं मात्र अर्धंच सांगितलंत. बऱ्याच जुन्या मॉडेलांत पीटीओ गिअरबॉक्समधून चालतो. क्लच दाबला तरी कटरची जड पाती गरगरत राहतात आणि तोच वेग उलटा चाकांकडे येतो. तुम्ही थांबायला बघताय आणि ट्रॅक्टर कुंपणाकडे चाललाय! शाफ्टवर एकाच दिशेने फिरणारी कपलिंग बसवली तर हे टळतं, पण किती जण बसवतात? रोलबार आणि सीटचा पट्टाही अनेकांवर नसतो. घोडा बुजून मध्ये आला तर झटकन थांबणारा ट्रॅक्टर हवा.

टापा
एचपीवरून भांडताय आणि गठ्ठा पुढच्या, लोडरवरच्या सुळ्यावर (गठ्ठ्यात खुपसायच्या लोखंडी भाल्यावर) घेताय? लोडर वर नेताना सुळा मागे कलला तर गोल गठ्ठा लोडरच्या दोन्ही हातांवरून घरंगळत थेट चालकावर येतो. साधा रोलबार चालकाच्या मागे असतो, तो काय अडवणार! गठ्ठा मागच्या थ्री पॉइंटवरच्या (अवजारं जोडून उचलायच्या तीन टोकांच्या जोडणीवरच्या) सुळ्यावर घ्या, जमिनीपासून थोडाच वर. मागचे हात लोडरपेक्षा जास्त पेलतात. तरी पुढचं टोक हलकं होतं, म्हणून पुढे वजन लावा आणि चढावर जपून.

लोडर वापरताना उलट, मागे वजन हवंच. भरलेली बादली घेऊन उतरताना मागची चाकं हलकी होतात, आणि बहुतेक छोट्या ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागे असतात. उतारावर पुढच्या चाकांची ओढ चालू ठेवली की पुढची चाकंही धरतात. हे माहीत नसेल तर २५ काय नि ४० काय.

पेंढीवाला
म्हणजे गोल गठ्ठ्यासाठी मोठा लोडर लागत नाही, हे टापा यांनीच सिद्ध केलं. धन्यवाद.

माळरान
मागच्या सुळ्याने गठ्ठा हलतो, पण ट्रकवरून खाली कोण घेणार? एकावर एक कोण रचणार?

पेंढीवाला
ट्रकवाला. उतरवून देणार असेल तरच गवत घ्यायचं.

पागेतली
आणि ज्या दिवशी तो गठ्ठे फाटकाबाहेर टाकून जातो, त्या दिवशी शेजाऱ्याचा ४० एचपी मागायचा. आमच्याकडे असंच चालतं. त्या बदल्यात कुजलेलं खत त्याच्या बागेत, दोघंही खूश.

जुना गिअर
शेजाऱ्याचा गिअरचाच असणार.

पागेतली
गिअरचाच आहे. कटर लावला की फाटकापासून लांब उभी राहते मी.