१९९७ सालच्या मारुती ८००ला कोणते इंजिन ऑइल आणि कोणता फिल्टर घालावा?

कर्वेरस्ता:

नमस्कार. आमच्याकडे १९९७ सालची, कार्ब्युरेटरवर चालणारी मारुती ८०० आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती. घरात कोणालाच ती विकायची नाही, त्यामुळे पंधरा वर्षांनंतरचे नोंदणीचे नूतनीकरणही आम्ही वेळच्या वेळी करत आलो आहोत. मीटरवर १ लाख ३८ हजार किलोमीटर झाले असून इंजिन अजून एकदाही उघडलेले नाही. रोजची धाव कोथरूड ते डेक्कन, म्हणजे एका वेळेस चार-पाच किलोमीटरची. शिवाय दोन महिन्यांतून एकदा खंबाटकी घाटातून वाईला जाणे होते.

आमच्या नेहमीच्या मेकॅनिकचे म्हणणे असे, की इंजिन जुने झाले आहे, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजू लागले आहेत, तेव्हा आता २०डब्ल्यू-५० हे दाट ऑइलच घालावे. नाना पेठेतल्या ज्या दुकानातून मी सुटे भाग घेतो, तेथील गृहस्थ मात्र फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३० घ्या, इंजिन आतून स्वच्छ होईल, असे सांगतात. दोघांचाही अनुभव मोठा आहे, त्यामुळे कोणाचे ऐकावे हे मला कळत नाही. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली, की क्षणभर निळसर धूर येतो आणि मग थांबतो. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पांढरट, लोण्यासारखा थर दिसतो. सध्याच्या ऑइलला चौदा महिने झाले आहेत, पण गाडी त्यावर जेमतेम ३,१०० किलोमीटर चालली आहे. ते आत्ता बदलावे की ५,००० होऊ द्यावेत? शिवाय दुकानात तीन वेगवेगळ्या किमतींचे ऑइल फिल्टर दाखवले, जे बाहेरून अगदी सारखे दिसतात. त्यांच्यात खरोखर काही फरक असतो का?

वर्कशॉप_पिंपरी:

तीस वर्षे वर्कशॉपमध्ये काढली असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. ऑइलचा डबा निवडण्याआधी इंजिनची अवस्था तपासून घ्या, कारण तुम्ही सांगितलेल्या तीन लक्षणांची कारणे तीन वेगवेगळी आहेत आणि त्यांतले एकही दाट ऑइलने बरे होणारे नाही.

प्रथम टॅपेट. या इंजिनात टॅपेटचे अंतर स्क्रूने जुळवता येते आणि ठरावीक धावेनंतर ते जुळवायचेच असते. दाट ऑइल घातल्यावर आवाज दबतो, पण अंतर वाढलेलेच राहते आणि कॅम (फिरणारा दांडा) व त्याने हलणारे, व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर यांची झीज चालूच राहते. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून टॅपेट सेटिंग करून घ्या. तासाभराचे काम आहे. दुसरे, सकाळचा निळसर धूर. रात्रभरात व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल थेंबाथेंबाने खाली उतरते आणि सुरू होताना जळते, म्हणजे व्हॉल्व्हची रबरी सील कडक झाली आहेत. वाईहून परतताना उतारावर पाय बराच वेळ ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो. त्यानंतर पुन्हा वेग देताना धुराचा लोट येतो का, हे मागच्या गाडीतून कोणाला तरी पाहायला सांगा. तसा येत असेल तर सीलचाच दोष धरावा. चढावर, इंजिनवर पूर्ण भार असताना सतत धूर येत असेल तर मात्र पिस्टन रिंगांचा (पिस्टनभोवतीच्या कड्यांचा) विचार करावा लागेल, आणि ते काम मोठे आहे.

झाकणाखालच्या पांढऱ्या थराला घाबरू नका, पण त्याच्याकडे दुर्लक्षही करू नका. इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा पाण्याची वाफ तयार होते आणि तिचा थोडा अंश रिंगांच्या फटींतून खाली ऑइलमध्ये येतो. चार किलोमीटरच्या फेरीत ऑइल पुरेसे तापतच नाही, त्यामुळे ते पाणी आणि सोबत आलेले न जळलेले पेट्रोल आतच राहते. रेडिएटरमधले पाणी कमी होत नसेल, तर हेड गॅस्केटची (इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलची) शंका घेण्याचे कारण नाही. मात्र याच कारणासाठी तुमच्या वापरात किलोमीटरपेक्षा महिने महत्त्वाचे आहेत. चौदा महिन्यांचे हे ऑइल ३,१०० किलोमीटरनंतरही जुनेच समजावे आणि या आठवड्यातच बदलावे. पुढेही सहा महिने किंवा ५,००० किलोमीटर, यांतले जे आधी होईल ते धरा.

आता आकड्यांविषयी. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा असतो. २०डब्ल्यू दर्जाची चाचणी उणे १५ अंशांवर, तर ५डब्ल्यूची उणे ३० अंशांवर होते. पुण्यातली अगदी कडाक्याची पहाटसुद्धा शून्याच्या वरच असते, तेव्हा ५डब्ल्यूसाठी जास्त पैसे मोजण्याची येथे गरज नाही. डब्ल्यूनंतरचा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो आणि उन्हाळ्यात खंबाटकीच्या चढावर उपयोगाचा असतो तो हाच. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत तापमानानुसार दर्जांचा तक्ता असेल, तो अवश्य पाहा. माझ्या मते तक्त्याच्या मर्यादेतले १५डब्ल्यू-४० तुम्हाला पुरेसे आहे; साधे खनिज ऑइलही चालेल. २०डब्ल्यू-५० केव्हा घालावे? इंजिन पूर्ण तापल्यावर, गाडी जागेवर चालू असताना ऑइलचा दाब गेज लावून मोजावा आणि तो खरोखर कमी निघाला, किंवा बदलण्यापूर्वीच ऑइल मोजायच्या काडीवरची पातळी झपाट्याने उतरू लागली, तर ते घालावे.

५डब्ल्यू-३० विषयी माझा आक्षेप आणखी एका कारणासाठी आहे. या इंजिनात कॅम आणि रॉकर एकमेकांवर घासत फिरतात आणि अशा जागी झिंक-फॉस्फरसचे मिश्रण झीज रोखते. नव्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाला) फॉस्फरस बाधतो, म्हणून एपीआय या अमेरिकी संस्थेच्या एसएम, एसएन, एसपी या दर्जांत ५डब्ल्यू-३० सारख्या हलक्या ऑइलमधील फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० यांना ती लागू होत नाही. शिवाय पंचवीस-तीस वर्षे खनिज ऑइलवर चाललेल्या इंजिनात तळाशी गाळ असतोच. तो एकाएकी सुटला, तर चेंबरमधील (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातील) जाळीवर बसून ऑइलची वाटच अडवतो. इंजिन फ्लशची (इंजिन आतून धुणाऱ्या रसायनाची) बाटली कोणी सुचवली तर तीही याच कारणासाठी नाकारा. स्वच्छ व्हायचे असेल, तर नेमाने बदललेल्या ऑइलने इंजिन हळूहळू होऊ द्या.

नळस्टॉप८००:

फिल्टरविषयी लिहितो, कारण बाहेरून सारखे दिसणारे दोन जुने फिल्टर मी करवतीने कापून शेजारी ठेवून पाहिले आहेत. एकात कागदाच्या घड्या दाट आणि समान होत्या. दुसऱ्यात मोजक्या होत्या आणि जोडावर डिंक सुटलेला होता. खरा फरक मात्र आतल्या रबरी पडद्यात असतो. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधले ऑइल परत चेंबरमध्ये उतरू नये, म्हणून तो पडदा असतो. स्वस्त फिल्टरमध्ये तो उष्णतेने लवकर कडक होतो. मग रोज सकाळी फिल्टर भरेपर्यंत ऑइलचा लाल दिवा जास्त वेळ राहतो आणि तेवढा वेळ कॅम कोरडा फिरतो. दुसरी झडप असते ती फिल्टर तुंबल्यावर ऑइलला बाजूने वाट देणारी. तिची स्प्रिंग ढिली असेल, तर न गाळलेले ऑइलच इंजिनभर फिरत राहते. हे दोन्ही दोष दुकानात डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून गाडीच्या कंपनीचा किंवा तिला पुरवठा करणाऱ्या उत्पादकाचा फिल्टर, पावतीसह, ओळखीच्या दुकानातूनच घ्यावा. किमतीतला फरक एका जेवणाच्या बिलाएवढाही नसतो.

बसवताना जुन्या फिल्टरचे रबरी कडे इंजिनालाच चिकटून राहिलेले नाही ना, हे बोट फिरवून पाहा. दोन कडी एकावर एक बसली, तर रस्त्यात सगळे ऑइल वाहून जाते. नव्या कड्याला थोडे ऑइल लावा, ते टेकल्यानंतर हाताने साधारण पाऊण फेरा आवळा आणि पाना लावू नका.

एअर फिल्टर विसरू नका. रस्त्यांची आणि मेट्रोची कामे चालू असताना शहरात जी धूळ उडते, तिच्यात वाळूचे बारीक कण असतात. ते आत गेले, तर सिलिंडर आणि रिंगा घासल्या जातात आणि कितीही उत्तम ऑइल घातले तरी ती झीज भरून निघत नाही. कागदी फिल्टर हवेने साफ करायचाच असेल, तर आतून बाहेर आणि कमी दाबाने करा. एक-दोनदा केल्यावर नवा घ्या.

सिंहगडरोड_चालक:

पेट्रोल फिल्टरही याच वेळी बदला, एवढेच सुचवतो. पंपांवरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते टाकीतला जुना मळ सोडवते, पाणी धरून ठेवते आणि १९९७च्या गाडीच्या रबरी नळ्यांना मानवत नाही. नळ्या दाबून पाहा. चिकट किंवा भेगाळलेल्या असतील तर लगेच बदला. हा प्रश्न आगीच्या धोक्याचा आहे.

कर्वेरस्ता:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या शनिवारी टॅपेट सेटिंग करून घेतले आणि आवाज जवळजवळ गेला. मेकॅनिकने गेज लावून दाब मोजला, तो मर्यादेत आहे. वाईहून येताना भावाने मागून पाहिले; घाट उतरून वेग देताना धूर आला, चढावर आला नाही. म्हणजे सीलच असावीत, आणि ती दिवाळीनंतर बदलायची ठरवले आहे. १५डब्ल्यू-४० घातले, कंपनीचा ऑइल फिल्टर व नवा एअर फिल्टर बसवला, आणि पेट्रोलची एक नळी खरोखरच भेगाळलेली निघाली, तीही बदलली. आता डब्यात थोडे ऑइल शिल्लक आहे. ते मोटरसायकलला चालेल का? आणि काढलेले जुने ऑइल कोठे द्यावे?

वर्कशॉप_पिंपरी:

मोटरसायकलमध्ये घालू नका. तिचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या ऑइलचे जपानी दर्जे) लिहिलेले ऑइलच तिला लागते; दुसऱ्या ऑइलने क्लच घसरू शकतो. उरलेले ऑइल डब्याचे झाकण घट्ट लावून ठेवा आणि पातळी उतरेल तेव्हा त्यातूनच भरा. सील बदलेपर्यंत थोडे लागेलच, आणि किती लागले ते मापून तारखेसह लिहून ठेवा. सील बदलल्यानंतरच्या आकड्याशी ते ताडून पाहता येईल. काढलेले ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका. ते घातक कचऱ्यात मोडते, म्हणून बंद डब्यातून अशा गॅरेजकडे द्या, जे आपले जुने ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना देते.