जुन्या भयकथा बाहुल्यांच्या हाती द्याव्यात का?

दादर_रात्रपाळी:
शनिवारी रात्री मित्राच्या घरी भिंतीवर चादर ताणून आम्ही पॉल बेरी यांचा ‘द सँडमन’ (1991) पाहिला. स्टॉप-मोशन लघुपट, जेमतेम दहा मिनिटांचा. झोपायला निघालेलं पोर, संपता न संपणारा जिना, आणि पोरांचे डोळे काढून नेणारा, पक्ष्यासारख्या तोंडाचा माणूस. मूळ कल्पना हॉफमन या जर्मन लेखकाच्या 1816 च्या कथेतली. संपल्यावर मित्राच्या आईने उठून आधी बाल्कनीचं दार लावलं.

माझं ठाम मत झालंय, अशा कथा पडद्यावर आणायच्या तर स्टॉप-मोशननेच. नट कितीही भेसूर दिसला तरी तो जिवंत माणूस आहे हे आपण विसरत नाही. बाहुली मुळातच निर्जीव. ती केसभर सरकवायची, फोटो घ्यायचा, पुन्हा सरकवायची. सेकंदाला 24 फ्रेम. एक स्थिती दोन फ्रेम धरली तरी 12 वेगळ्या स्थिती. पडद्यावर जे चालताना दिसतं, ते कॅमेऱ्यासमोर कधी चाललेलंच नसतं. भूत म्हणजे तरी दुसरं काय?

आपल्याकडे नारायण धारप आहेत, रत्नाकर मतकरी आहेत. फाळक्यांनी तर ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या होत्या. ही वाट आपल्याला परकी नाही.

गिरगाव_गूढ:
अजिबात सहमत नाही. मतकरींची गूढकथा घाबरवते ती ओळखीच्या घरात घडते म्हणून. तीच दोन खोल्यांची जागा, तेच शेजारी, आणि रोजच्या बोलण्यात एखादंच वाक्य खटकतं. बाहुलीचं जग पहिल्या फ्रेमपासूनच विचित्र असतं. तिथे बिघडायला साधंसुधं काही उरतच नाही.

शिवाय हॉफमनची कथा तुम्हीच काढलीत म्हणून सांगतो. निर्जीव वस्तू जिवंत तर नाही ना, या शंकेतून अशी भीती येते, असं जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एर्न्स्ट येंच यांनी 1906 मध्ये मांडलं होतं. 1919 मध्ये फ्रॉइडने याच कथेवर लिहिताना ते खोडून काढलं. त्याच्या मते भीतीचं मूळ कथेतली यांत्रिक बाहुली नव्हे, डोळे जाण्याची धास्ती आहे. म्हणजे तुमच्या मित्राच्या आईने दार लावलं ते डोळ्यांसाठी. बाहुलीचं श्रेय त्यात थोडंच.

दादर_रात्रपाळी:
फ्रॉइडचं मान्य केलं, तरी चेक दिग्दर्शक यान श्वांकमायेर यांच्या ‘अशर’चं काय करायचं? एडगर अ‍ॅलन पो यांच्या 1839 च्या कथेवर त्यांनी 1980 मध्ये लघुपट केला आणि त्यात एकही माणूस दाखवला नाही. निवेदकाचा आवाज, बाकी खुर्च्या, भिंती, शवपेटी आणि स्वतःहून मळली जाणारी माती. पो यांच्या कथेत घरालाच जीव आहे, घरच आजारी आहे. हे नट घेऊन कसं दाखवाल? नट खुर्चीत बसला की ती नुसती खुर्ची होते.

गिरगाव_गूढ:
त्याच श्वांकमायेर यांनी 1983 मध्ये पो यांच्याच, कैद्यावर उतरत येणाऱ्या लंबकाच्या कथेवर लघुपट केला. तिथे कॅमेरा कैद्याच्या डोळ्यांच्या जागी आहे, खरे हात-पाय दिसतात. घराची गोष्ट वस्तूंना दिली, देहाची गोष्ट देहाला. माझा विरोध तुमच्या ‘स्टॉप-मोशननेच’मधल्या त्या ‘च’ला आहे.

परळची_माती:
मी हे हातांनी करते, म्हणून बोलते. परळला रेल्वेलाईनलगतच्या खोलीत माझं टेबल आहे. लोकल गेली की ट्रायपॉड किंचित हलतो, त्यामुळे शेवटची गाडी गेल्यावरच शूट. एप्रिलमध्ये दिव्याखाली प्लॅस्टिसिन, म्हणजे न वाळणारी तेलकट माती, लोण्यासारखं मऊ पडतं. शाडू वापरून पाहिला. तो वाळतो आणि सांध्याशी तडकतो. आत अ‍ॅल्युमिनियमची तार असते, तीही वाकवून वाकवून तुटते. सहा मिनिटांना सेकंदाला 12 च्या हिशेबाने 4320 स्थिती. वर्ष जातं.

पण एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यात आली नाही. मातीवर बोटांचे ठसे राहतात आणि दर फ्रेमला बदलतात. पडद्यावर कातडी सतत सळसळते, जणू न दिसणारं कुणीतरी तिला चाचपतंय. मला स्वतःला भीती वाटते ती त्याची. तो हात माझा आहे हे माहीत असूनही.

पिंगुळीकर_मुंबईत:
आमच्याकडच्या ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या लहानपणी पाहिल्यात. दोरी दिसायची, तरी राक्षस आला की आम्ही आजीच्या मागे लपायचो. हात दिसो वा न दिसो, गोष्ट सांगणारा दमदार हवा.

गिरगाव_गूढ:
ठशांचं खरंच लक्षात आलं नव्हतं, ताई. पुन्हा बघेन. तरी माझ्यापुरता शेवटचा मुद्दा: ‘तुंबाड’मध्ये (2018) धारपांच्या कथेची प्रेरणा आहे आणि त्यातलं भय त्या न थांबणाऱ्या पावसात आहे. चिंब वाडा, चिखल, ओली माणसं. तो पाऊस टेबलावर कसा पडणार?

परळची_माती:
पडतो. काचेवर ग्लिसरीनचे थेंब ठेवायचे, दर फ्रेमला टाचणीने एक-एक थेंब खाली ओढायचा, काच बाहुलीच्या पुढे उभी करायची. मूठभर थेंब पुरतात. रविवारी शेवटची लोकल गेली की दहा सेकंदांचा पाऊस करून बघते, इथेच टाकते.