ब्राउजर सारखा बंद पडतोय, काय करू?

देवगडहून प्रश्न:
घरचा कॉम्प्युटर, ४ जीबी रॅम (आत बसवलेलं मेमरीचं छोटं कार्ड). पाऊस सुरू झाल्यापासून ब्राउजर आपोआप बंद होतो, सातबारा काढायला बसलं की नेमका मधेच जातो, मुलाचा कॉलेजचा फॉर्मपण अडकलाय. अनइन्स्टॉल करून परत टाकला तरी तेच.

मालवणहून:
आधी एक्स्टेन्शन (ब्राउजरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) सगळी बंद करा, मग सेटिंग्जमधे हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (ब्राउजरचं काही काम ग्राफिक्स चिपवर टाकणारी सोय) बंद करून बघा. नुसतं परत टाकून जुनं प्रोफाइल (ब्राउजरने साठवलेली तुमची सेटिंग्ज, बुकमार्क वगैरे) बरेचदा तसंच राहतं, त्यामुळे नवीन प्रोफाइल बनवा. बुकमार्क आधी एक्सपोर्ट करा हां.

गुहागरहून:
बाकीचे प्रोग्रॅमपण हँग होतात का? पावसापासून म्हणताय तर मला रॅमचा संशय येतो, आपल्याकडची खारी दमट हवा, रॅमच्या सोनेरी पट्ट्या खराब होतात. प्लग काढून, रॅम बाहेर काढून पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, चुरा ब्रशने झाडा आणि दोन्ही बाजूच्या खिट्ट्या लागेपर्यंत दाबून बसवा. मग विंडोज मेमरी डायग्नोस्टिक (रॅम तपासायची विंडोजमधलीच टेस्ट) चालवा.

देवगडहून:
हो, बाकीचे पण हँग होतात! नवीन प्रोफाइलने फरक नव्हता. पट्ट्यांवर हिरवट डाग होते, पुसल्यावर सकाळपासून एकदापण बंद नाही, फॉर्म भरून झाला. मनापासून आभार.

गुहागरहून:
छान! टेस्ट मात्र चालवाच, एरर आली तर रॅम बदला, नाहीतर फाइली खराब होतील.